तंबोऱ्याची खुंटी आणि टेनिसचे कोपर

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी शिकवणीसाठी तंबोरा लावावयास बसलो. पंचमाची खुंटी पिळताना उजव्या कोपराच्या बाहेरच्या अंगास अशी कळ निघाली की हात आपोआप सुटला. समोरच्या चार मुलींपैकी धाकटीने विचारले, "गुरुजी, तार तुटली का?" तार शाबूत होती, गुरुजींचेच काहीतरी तुटले होते.

दुपारी डॉक्टरांनी माझे मधले बोट वरून दाबून धरले व म्हणाले, "आता हे वर उचला पाहू." मी उचलू गेलो आणि ओरडलो. ते हसून म्हणाले, "मास्तर, टेनिस खेळता वाटते?" मी मान खाली घातली. गवयाच्या घरात हा प्रश्न आरोपासारखाच असतो.

आमचे आप्पा बडोद्याच्या दरबारातील अगदी शेवटच्या गायकांपैकी. कलावंत कारखान्यात ते लागले आणि थोड्याच वर्षांत, १९४९ साली, संस्थान विलीन झाले. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. लहानपणी एका सरदारांच्या कोर्टावर चेंडू वेचावयास जात असे. तेथेच एका जुन्या, जड लाकडी रॅकेटवर हात बसला. आप्पांना ते मुळीच पसंत नव्हते. गवयाने हात आणि गळा जपावा, खेळ हा रिकाम्या लोकांचा, असे ते म्हणत. पण साठ वर्षे एकाच मांडीवर बसलेले आप्पा सत्तरीत दोन माणसांच्या आधाराविना बैठकीवरून उठू शकत नसत. हे मी त्यांना कधी बोलून दाखवले नाही. आज लिहितो आहे, त्यांची क्षमा मागून.

आप्पांचेच काय, आपल्या दांडिया बाजारातील बहुतेक जुन्या घरांचे मत हेच आहे. ज्या नगरीत जुम्मादादांच्या आखाड्याची आणि राजरत्न माणिकरावांची परंपरा, तेथेही खेळ म्हणजे पोरवयातली गोष्ट समजतात. लग्न झाले की रॅकेट माळ्यावर. चाळिशीनंतर कमाटीबागेत एक फेरी, आणि बाकावर बसून गुडघ्यांची चर्चा.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. चाळिशी हेच खेळ नीट शिकून घेण्याचे वय होय.

शरीर ज्या कामाला रोज जुंपावे तसे ते घडत जाते, हे वादकाला सांगावयास नको. सारंगियाच्या नखांच्या मुळाशी पडलेले घट्टे पाहा. टेनिसपटूचे तसेच. ऑस्ट्रेलियाचा रॉड लेव्हर, ज्याने १९६२ व १९६९ अशा दोन वर्षी चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्याचा डावा हात उजव्याहून केवढा तरी दांडगा होता. हा फरक नुसत्या स्नायूंत नसतो, हाडापर्यंत पोचतो. १९७७ साली ८४ व्यावसायिक खेळाडूंच्या दंडांची क्ष-किरण चित्रे तपासली, तेव्हा खेळत्या हाताच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा पुरुषांत सुमारे ३५ टक्के आणि स्त्रियांत २८ टक्के जाड निघाली. त्याच माणसाचा दुसरा हात तुलनेला असल्यामुळे हा पुरावा फार सुरेख आहे. अन्न तेच, रक्त तेच, फरक फक्त वापराचा.

आयुर्मानाचेही आकडे आहेत. कोपनहेगन शहरात साडेआठ हजारांवर लोकांची सुमारे २५ वर्षे नोंद ठेवली गेली; निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. बैठ्या लोकांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुष्य ९.७ वर्षांनी अधिक भरले. बॅडमिंटनचे ६.२, पोहण्याचे ३.४, संथ धावण्याचे ३.२. आता यावर हुरळून जाऊ नये. ज्याला सवड आहे, चार पैसे आहेत, स्नेही आहेत, तोच टेनिस खेळतो. तेव्हा खेळामुळे आयुष्य वाढले की आयुष्य बरे असल्यामुळे खेळता आले, हे अशा पाहणीने पुरते ठरत नाही. संशोधकांनीही तशी सावधगिरी बाळगली आहे. पण त्यांनी सुचवलेले एक कारण मला पटते: टेनिस एकट्याने खेळता येत नाही. धावणारा एकटा धावतो. येथे समोर माणूस लागतो, आणि डबल्सला आणखी दोन.

मग माझे कोपर का दुखावले? चेंडू बॅकहँडने मारताना मनगट मागे ताणून धरणारे जे स्नायू, त्यांची कंडरा कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटते तिथे ती पुनःपुन्हा ताणून झिजते. बहुधा तिशी ते पन्नाशीत हे होते; आणि गंमत अशी की या दुखण्याच्या बहुसंख्य रोग्यांनी आयुष्यात रॅकेट धरलेली नसते. धुणे पिळणाऱ्या बायका, सुतार, रंगारी यांचेही हेच. तेव्हा दोष एकट्या टेनिसवर टाकता येणार नाही. दोष माझा होता. पंचेचाळिशीत मी वीस वर्षांच्या पोराशी सिंगल्स खेळत होतो, तेही सिमेंटच्या कोर्टावर, तारा कडक ताणून, आणि कोर्टावर पाऊल ठेवताच पहिली सर्व्हिस जोरात मारून. विद्यार्थ्याने खर्ज न भरता एकदम तार सप्तकातील तानेला हात घातला तर मी त्याला काय म्हणतो, हे माझ्या मुलींना ठाऊक आहे.

वय झालेला गवई काय करतो? स्वर उतरवून घेतो. पांढरी दोनमध्ये गाणारा काळी एकवर येतो, ताना कमी करतो, विलंबितात अधिक रमतो. त्याला कोणी हरला म्हणत नाही, उलट आता गाणे पिकले म्हणतात. टेनिसमध्ये असे स्वर उतरवणे म्हणजे डबल्स, मातीचे कोर्ट, हलकी रॅकेट, सैल तारा. आपला रोहन बोपण्णा २०२४ च्या जानेवारीत मेलबर्नला डबल्सचे अजिंक्यपद जिंकला तेव्हा ४३ वर्षांचा होता; १९६८ पासूनच्या खुल्या काळात इतक्या वयाचा पुरुष तोवर कोणी जिंकला नव्हता. गुडघ्यातली कूर्चा झिजून गेलेली असताना आपण अय्यंगार पद्धतीच्या योगाने उभे राहिलो, असे त्यानेच सांगितले आहे. संगीताच्या लोकांना येथे दुसरे नाव आठवावे. थोर व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन १९५२ साली याच बी. के. एस. अय्यंगारांना भेटले, आणि पुढे त्यांना दिलेल्या घड्याळावर आपले सर्वोत्तम व्हायोलिनगुरू म्हणून त्यांचा गौरव कोरवला. पुण्यातील त्या एका माणसाच्या विद्येने वादकाचे खांदे आणि खेळाडूचे गुडघे, दोन्ही सावरले.

मी काही मेनुहिन नव्हे. मी सहा महिने रोज भरलेला तांब्या धरून मनगट सावकाश खाली सोडावयाचा व्यायाम केला. सुई घेतली नाही. तिने चार आठवडे आराम पडतो आणि पुढे दुखणे बहुधा लांबते. तोवर तंबोरा धाकटीने लावला, आणि तिचे कान त्या निमित्ताने तयार झाले.

त्या धाकटीवरूनच शेवटचा मुद्दा. तिची पणजी मोरीत घसरली, खुबा मोडला, आणि वर्षभर अंथरुणात राहून गेली. अशी आजी-पणजी आपल्यापैकी कोणाच्या घरात नाही? फिनलंडमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत टेनिस व स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांची हाडे मोजली, तेव्हा वयात येण्याच्या आधी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्यांना मागाहून लागलेल्यांपेक्षा सुमारे दुप्पट लाभ झालेला आढळला. म्हणजे म्हातारपणीच्या खुब्याची पुंजी दहाव्या-बाराव्या वर्षी साठवावी लागते. आणि नेमक्या त्याच वयात आपण मुलींना उन्हात रंग जाईल म्हणून घरात बसवतो, आणि गाण्याला माझ्याकडे पाठवतो! गाण्याला अवश्य पाठवा, माझे पोट त्यावर आहे. पण आठवड्यातून दोन संध्याकाळी कोर्टावरही पाठवा.

दिवाळीनंतर मी पुन्हा खेळू लागलो, फक्त डबल्स. आमच्यातले एक वृद्ध वकीलसाहेब मुलाकडे परदेशी गेले, त्यामुळे चौथा गडी मिळेना. जुन्या घरांतून विचारले तर कोणाची पाठ, कोणाची शुगर. अखेर धाकटीची आई म्हणाली, "मी कॉलेजात खेळत असे. चालेल का?" पहिल्याच दिवशी तिने माझ्या बॅकहँडवर चेंडू टाकून टाकून मला दमवले. कोपर दुखले नाही. आता शनिवारी धाकटी कुंपणाबाहेर उभी राहून चेंडू वेचते, आणि आत केव्हा येऊ म्हणून विचारते.