स्टोरेज महाग होतंय, मग गेमसाठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यायची का?

डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने जाहीर केलं की, 'क्रुशिअल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँड ते बंद करणार आहेत. स्वस्तात रॅम किंवा एसएसडी शोधणाऱ्यांना हे नाव चांगलं माहीत आहे. कारण सरळ आहे: एआयच्या डेटा सेंटरना मेमरी विकण्यात पैसा जास्त. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कचंही तेच. त्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या उरल्यात तीनच (सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा) आणि त्यांचा मोठ्या क्षमतेचा माल डेटा सेंटरवाले उचलतायत. त्यामुळे 'थांब, दोन महिन्यांनी स्वस्त होईल' हा नेहमीचा सल्ला मी सध्या कुणालाच देत नाही.

'आता सगळं क्लाउडवर आहे, डिस्क कशाला?' असं पुण्या-मुंबईतला मित्र म्हणेल. इथे अंबाजोगाईत बसून हिशोब करू. एक मोठा गेम साधारण १०० जीबीचा. रोज २ जीबीचा पॅक असेल तर तो उतरवायला ५० दिवस, तेही रील्स अजिबात न बघता! घरी ४० एमबीपीएसचं वायफाय असेल तर साडेपाच तास, आणि मध्ये लाईट गेली नाही तर. हाच गेम मित्राच्या डिस्कवरून यूएसबी ३.० ने कॉपी केला तर पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. (खेळायला तो तुमच्या अकाउंटवर विकत घेतलेला लागतोच, कॉपीने फक्त डाउनलोड वाचतं.) म्हणजे आपल्याकडे हार्ड डिस्क ही नेटची भरपाई आहे.

आता खरी अडचण. बहुतेकांना एकच डिस्क हवी असते: कॉम्प्युटरलाही चालेल आणि कन्सोललाही. तसं होत नाही. प्लेस्टेशन असो की एक्सबॉक्स, गेम ठेवायला डिस्क दिलीत की कन्सोल ती आधी फॉरमॅट करतो आणि पूर्ण डिस्क स्वतःच्या पद्धतीने बांधून घेतो. नंतर ती विंडोजला लावली तर आतलं काही दिसत नाही, उलट विंडोजच विचारतं, 'फॉरमॅट करू का?' तिथे घाईत 'हो' दाबलं तर गेम गेले. आणि उलट बाजूने, ताईच्या लग्नाचे फोटो असलेली डिस्क कन्सोलला लावून 'हो' दाबलं तर फोटो गेले. गेम परत उतरवता येतो, फोटो नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: ५०० जीबीच्या का असेनात, पण दोन वेगळ्या डिस्क घ्या आणि त्यांवर मार्करने नाव लिहा.

कॉम्प्युटरच्या डिस्कला फार काही करावं लागत नाही. फक्त विंडोजवर गेम ठेवायचे तर एनटीएफएस. मॅकवरही फाइली टाकायच्या तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फॅट३२ च्या नादी लागू नका, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसली तर दुकानदाराशी भांडू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे, इतकंच.

कन्सोलचं गणित जास्त किचकट. पीएस४ आणि पीएस५ ला किमान २५० जीबी आणि जास्तीत जास्त ८ टीबीची यूएसबी ३.० डिस्क चालते. हब मध्ये न घालता ती थेट लावा. पीएस४ चे गेम या डिस्कवरून थेट खेळता येतात. पीएस५ चे मात्र फक्त ठेवता येतात, खेळायचे तर आत हलवावे लागतात. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एसवरही असंच: जुने गेम डिस्कवरून चालतात, सिरीजसाठी खास बनवलेले चालत नाहीत. सिरीज एसच्या ५१२ जीबीपैकी हाताशी साधारण ३६४ जीबीच येतात, म्हणून तिथे डिस्कला गोदाम समजा. नवा गेम आत घ्यायचा, झालेला बाहेर ठेवायचा.

सेव्ह गेमबद्दल फार जण गाफील असतात. पीएस५ च्या गेमचा सेव्ह डेटा यूएसबीवर कॉपी होत नाही. त्याची प्रत ठेवायची तर प्लेस्टेशन प्लसचा क्लाउड, म्हणजे पैसे. एक्सबॉक्सवर क्लाउड सेव्ह फुकट आणि आपोआप होतो. जुना कन्सोल घेताना मी तरी हा फरक किमतीत धरेन.

भाव चढले की नकली मालही वाढतो. '१६ टीबी एसएसडी, फक्त हजार-दीड हजारात' अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि आकडा खोटा दाखवलेला असतो, कार्ड भरलं की पुढच्या फाइली खराब होतात. नवी डिस्क आली की आधी एचटूटेस्टडब्ल्यूसारख्या फुकट प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. एक रात्र जाईल, पण माल परत करायची मुदत संपायच्या आत खरं-खोटं कळेल.