मॅटखालचा गंज

सदर : घरची गाडी



दिवाळीची साफसफाई झाली, फराळ संपत आला. माळे झाडले, पंखे पुसले, देव्हारा उजळला. गाडीलाही पाणी मारून, हार घालून झाला असेल. पण गाडीच्या आत पायाखालची रबरी मॅट उचलून, तिच्याखालचा गालिचा वर करून पत्रा किती जणांनी पाहिला? या वेळी आपण त्याच पत्र्याबद्दल बोलू.

विषय जुन्या गाड्यांचा आहे. आपल्या सुरतेतल्या मराठी घरांत अशा गाड्या बऱ्याच आहेत. मारुती ८०० तर १९८३ ते २०१४ इतका काळ बनत होती, त्यामुळे कुणाच्या सासऱ्यांनी घेतलेली, कुणी सेकंडहँड घेतलेली अशी एखादी अजून दारात दिसते. ओम्नी, झेन, सँट्रो, जुनी वॅगन-आर आहेतच. इंजिन ठणठणीत, एव्हरेज चांगले, गावाकडे जायला-यायला पुरेशी. मग एक दिवस ऑइल बदलायला गाडी वर उचलली जाते आणि गॅरेजवाला बॅटरीचा उजेड खाली मारून सांगतो, "पतरूं सडी गयूं छे." मेकॅनिक आपल्या खानदेशचा असेल तर म्हणेल, "भाऊ, गाडीना पत्रा सडी गया." भाषा कुठलीही असो, अर्थ एकच. तळाचा पत्रा गंजून कुजला आहे.

आपल्याकडेच जास्त का?

लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते. त्यात मीठ मिसळले की काम झपाट्याने होते. सुरतेत तिन्ही गोष्टी भरपूर आहेत. पावसाळा जोरदार, बाकीचे महिने हवा दमट, आणि डुमस-हजिऱ्याचा समुद्र जवळ. रविवारी डुमसला जाऊन गाडी थेट वाळूवर नेणारे काही कमी नाहीत. ती खारी वाळू तळाच्या सांध्यांत जाऊन बसते. वरून गाडी धुतली तरी ती निघत नाही.

दुसरे कारण पुराचे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचे पाणी सोडल्यावर तापीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, हे आपल्यातले कुणी विसरलेले नाही. शिवाय लिंबायत, पर्वत पाटिया भागांत खाडीचे पाणी रस्त्यावर येते ते वेगळेच. हे पाणी गटाराचे, गाळाचे असते. गाडी सुरू झाली, सीट वाळल्या, की आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण गालिच्याखालचा फोम स्पंजासारखा असतो. वरून कोरडा लागला तरी खालून कितीतरी आठवडे ओला राहतो, आणि पत्रा त्या ओलीत पडून असतो.

म्हणूनच तळाचा पत्रा बऱ्याच वेळा खालून नव्हे, आतून कुजतो. पूर न येताही पाणी आत येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की पाणी बाहेर न पडता डाव्या सीटपुढे पायाशी साचते. पुढच्या काचेचे रबर कडक झाले की थेंब थेंब आत उतरतो. बॉनेट आणि काच यांच्यामधल्या जाळीत कडुलिंबाचा पाला अडकला की तिथले पाणीही आतच वळते. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की दार आणि त्याखालची पट्टी दोन्ही कुजू लागतात.

भोक पडले तर काय बिघडले?

"वर मॅट आहे ना, चालतंय," असे म्हणणारे भेटतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

पहिली गोष्ट बळाची. जीप किंवा जुन्या सुमोसारख्या गाड्यांना खाली वेगळी जाड चेसिस असते. आपल्या छोट्या मोटारींना तशी चेसिस नसते. छप्पर, खांब, दाराखालच्या पट्ट्या आणि तळाचा पत्रा मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. सीट त्याच पत्र्याला बोल्टने धरलेल्या असतात. सीटबेल्टची खालची टोकेही तळाला किंवा त्याच्या कडेला अडकवलेली असतात. जोरात ब्रेक लागला, धडक झाली, तर माणसाचा सगळा भार तिथे येतो. पत्रा पापडासारखा झाला असेल तर बेल्ट लावूनही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट धुराची, आणि तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. सायलेन्सरचा पाइप तळाखालूनच मागे जातो. जुन्या गाडीत तोही कुठे तरी गंजून फुटलेला असतो. पाइप गळका आणि पत्र्याला भोक असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. काचा बंद करून एसी लावलेला असेल तर तो आतच साठतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते. आपण म्हणतो, "मुलीला गाडी लागते," आणि आवळा सुपारी देतो. बारडोली, व्यारा, सोनगड करत नवापूरमार्गे धुळ्याला जाताना मागच्या सीटवरची मुले प्रत्येक वेळी मलूल होत असतील, आणि गाडीतून उतरून मोकळ्या हवेत आली की लगेच ताजीतवानी होत असतील, तर गोळी देण्याआधी गाडीचा तळ आणि सायलेन्सर तपासून घ्या. तोवर त्या गाडीने लांबचा प्रवास नको. प्रवासातच शंका आली तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सगळ्यांना खाली उतरवा. कुणाला जास्त त्रास होत असेल तर सरळ दवाखाना गाठा.

घरी कसे तपासायचे?

यासाठी मेकॅनिक लागत नाही. मॅट काढा, दारालगतची प्लास्टिकची पट्टी सैल करा आणि गालिचा वर उचला. हात ओला झाला की समजायचे, पाणी कुठून तरी येते आहे. पत्र्यावर फुगलेला रंग, तपकिरी पापुद्रे दिसतात का ते पाहा. जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द वाजतो. मग टोकाने दाबून पाहा. टोक आत गेले तर तिथे पत्रा उरलेलाच नाही, नुसता रंग आणि गंज उभा आहे. सीटच्या बोल्टभोवती, बेल्ट अडकवला आहे तिथे आणि दाराखालच्या पट्टीत जास्त बारकाईने पाहा. जॅक लावून गाडीखाली मात्र कुणी शिरू नये. कुजलेल्या पत्र्यावर जॅक लावला तर तो पत्र्यातून आरपार जातो. खालून बघायचे असेल तर गॅरेजच्या रॅम्पवरच.

नुसता वरवरचा गंज असेल आणि पत्रा घट्ट असेल तर काम सोपे आहे. तारेच्या ब्रशने घासून उघड्या लोखंडापर्यंत यायचे, गंज बसवणारे औषध लावायचे, मग प्रायमर आणि रंग. या औषधांपैकी काहींत टॅनिन असते. लोखंडाशी त्याचा संयोग झाला की काळा थर होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करत, तीच ही रसायनविद्या. मात्र हे औषध भोक बुजवत नाही, हे लक्षात असू द्या.

भोक असेल तर खरे काम कसे होते?

कुजलेला भाग कापून काढणे आणि नवा पत्रा वेल्ड करणे, याला दुसरा मार्ग नाही. आधी सीट, गालिचा, फोम सगळे बाहेर. बॅटरी सोडलेली. तळाखालून पेट्रोलची आणि ब्रेकची नळी जाते, ती सोडलेली किंवा नीट झाकलेली. सीएनजीची गाडी असेल तर आधी सीएनजीच्या माणसाला बोलवा. त्याने टाकी आणि नळीचा बंदोबस्त केल्याशिवाय ठिणगी पाडू देऊ नका. पत्र्यावर आवाज कमी करण्यासाठी डांबरी थर असतो, तो खरवडलेला. तो पेट घेतो. शेजारी पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर हवाच.

मग ग्राइंडरने कापत चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत मागे जायचे. भोक मुठीएवढे दिसते आणि कापताना ताटाएवढे होते. त्याने घाबरू नका. कुजक्या कडेला वेल्ड केलेला तुकडा पुढच्या पावसाळ्यात सुटतो. त्यानंतर पुठ्ठ्याचा नमुना कापायचा, अगदी शिंपी बेततो तसा. मूळ पत्र्याच्या जाडीचा, साधारण २० गेजचा नवा पत्रा त्या मापाने कापून, मूळ तळाला असतात तशा खाचा ठोकून बसवायचा. त्या खाचांमुळेच पातळ पत्र्याला ताठपणा येतो.

वेल्डिंग सीओटूचे असावे. साध्या आर्क वेल्डिंगने इतका पातळ पत्रा जळतो. गॅस वेल्डिंगने जुने कारागीर सुरेख काम करत, पण त्यात उष्णता जास्त, पत्रा वाकतो. सीओटूनेही एका दमात सलग रेघ ओढायची नाही. एक टाका इकडे, एक तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचे, असे करत फट भरायची. जस्त चढवलेला पत्रा असेल तर वेल्डिंगच्या जागेवरचे जस्त आधी घासून काढावे. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की ताप भरतो.

शेवटी वेल्ड घासून दोन्ही बाजूंनी सीलर, प्रायमर, रंग आणि खालून अंडरकोटिंग. पाणी निघायची मूळ भोके बुजवलेली नाहीत, त्यांची रबरी बुचे जागेवर आहेत, हे स्वतः पाहा.

काय करू देऊ नये?

भोकावर पुट्टी किंवा फायबर चढवून वर काळा रंग मारणे. पत्र्याचा तुकडा नुसता रिव्हेट मारून ठोकणे, कारण दोन पत्र्यांमध्ये पाणी साठते. आणि गंज न काढताच अंडरकोटिंग फवारणे. यात गंजाला छान पांघरूण मिळते, आत तो खुशाल वाढतो. ही तिन्ही कामे स्वस्तात होतात, एका दिवसात होतात आणि दिसायला झकास दिसतात. म्हणून काम अर्ध्यावर असताना, कापून झाल्यावर आणि रंगाच्या आधी, गॅरेजला एक चक्कर माराच. चांगला कारागीर स्वतःहून दाखवतो. "या काका, बघून घ्या," असे म्हणणारा मिळाला तर त्याला सोडू नका. अंदाजपत्रक घेताना पत्रा, मजुरी आणि रंग यांचे पैसे वेगळे लिहून घ्या. काम दिवाळीनंतर, कोरड्या हवेत काढा. भर पावसात उघडा केलेला पत्रा दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल होतो.

कुठे थांबायचे?

एक-दोन ठिकाणची भोके दुरुस्त होतात. पण दाराखालच्या पट्ट्या, सस्पेन्शन जोडले आहे तो भाग आणि बेल्टच्या जागा अशा सगळ्याच कुजल्या असतील, दार उघडल्यावर पुन्हा नीट लागत नसेल, तर ती गाडी माणसे बसवण्यालायक राहिलेली नाही. अण्णांची आठवण म्हणून ती ठेवावीशी वाटते, हे अगदी समजण्यासारखे आहे. पण अण्णांनी ती गाडी घेतली तीच घरची माणसे सुखरूप न्यायला. अशा वेळी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्यावी, ठेवीचे प्रमाणपत्र घ्यावे आणि आरटीओतली नोंदणी रद्द करून घ्यावी. नव्या गाडीच्या करात त्या प्रमाणपत्रावर राज्याच्या नियमांप्रमाणे सवलत मिळते.

गाडी ठेवायची असेल तर कागदांचाही हिशेब करा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून ती ५-५ वर्षांनी वाढवावी लागते. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. मोटारीसाठी ही फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली, आणि २० वर्षांपुढच्या गाड्यांना आता त्याहून जास्त आहे. पत्र्याचा खर्च या तपासणीच्या आधी करावा की नाही, हे घरात बसून ठरवा. विम्याच्या भरवशावर राहू नका. सावकाश लागलेला गंज ही झीज समजली जाते आणि ती विम्यात बसत नाही. पुराचे नुकसान मात्र पूर्ण विमा असेल तर मिळू शकते, नुसत्या थर्ड पार्टीवर नाही.

दुरुस्तीनंतरची काळजी घरच्या घरी होते. पावसाळ्याआधी एसीची नळी आणि दारांची भोके साफ करा. डुमसहून आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. पाणी आत शिरले तर गालिचा त्याच दिवशी बाहेर काढून उन्हात टाका. ओले पाय, ओल्या छत्र्या होतच राहणार, पण महिन्यातून एकदा सगळी दारे उघडून गाडी दुपारभर उन्हात उभी केली तरी पुष्कळ फरक पडतो.

या रविवारी एवढेच करा. मॅट उचला, हात लावून पाहा. ओल लागली तर ती कुठून येते ते आधी शोधा, पत्र्याचे मग बघू. पुढच्या अंकात जुन्या गाडीचे टायर : नक्षी दिसते म्हणून टायर चांगला असतो का?