क्रीडाजगत : शेवटचा गडी बाद होईपर्यंत

बंगळूरच्या शिवाजीनगर बसस्थानकावरून दक्षिणेकडे निघून कब्बन रस्ता ओलांडला की चिन्नास्वामी क्रीडांगण जवळच आहे. सामन्याच्या दिवशी या वाटेवर एक विशिष्ट वर्ग हमखास भेटतो : निकाल ठरलाच असे मानून, बसमध्ये जागा मिळावी म्हणून थोडे आधीच उठलेल्यांचा. अशा मंडळींना फसविण्यात हे क्रीडांगण पटाईत आहे.

फुटबॉल किंवा कबड्डीत आघाडीवरचा संघ घड्याळाकडे पाहत वेळ काढू शकतो. बेसबॉलमध्ये, किंवा आपल्याकडील शालेय स्पर्धांतून मुलीही खेळतात त्या सॉफ्टबॉलमध्ये, ही सोय नाही. शेवटच्या डावातही प्रतिपक्षाचे तीन गडी बाद करावेच लागतात, आणि तोवर चेंडू त्यांच्याकडे टाकणे भाग असते. न्यूयॉर्क येथे ३ ऑक्टोबर १९५१ रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघ अखेरच्या डावात ४-१ असा पुढे होता. जायंट्सने एक धाव काढली, दोन खेळाडू तळांवर होते, आणि बॉबी टॉमसनने चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावला. सामना ५-४. जायंट्सचा संघ त्या मोसमात दुर्बिणीतून प्रतिपक्षाच्या खुणा टिपत असे, ही गोष्ट २००१ साली जगजाहीर झाली. त्या चेंडूची खूण मात्र आपणास मिळाली नव्हती, असे टॉमसन सांगत राहिला. असो.

क्रिकेट याच कुळातले. २३ मार्च २०१६ रोजी विश्वचषकाच्या वीस षटकांच्या सामन्यात बांगलादेशला भारताविरुद्ध तीन चेंडूंत दोनच धावा हव्या होत्या. लागोपाठ दोन चौकार मारून मुशफिकुर रहीमने विजयाचा आनंद आधीच साजरा केला होता. एकेक धाव पुरेशी असताना त्याने उंच फटका मारला आणि तो झेलबाद झाला. पुढच्या चेंडूवर महमुदुल्लाहनेही तेच केले. शेवटचा चेंडू फलंदाजाला लागलाच नाही. धोनीने उजव्या हाताचा हातमोजा आधीच काढून ठेवला होता. तो चेंडू घेऊन धावला आणि मुस्तफिजुरच्या आधी यष्टींपाशी पोहोचला. भारत एका धावेने जिंकला. याला दैव म्हणण्याचा मोह होतो. मला तरी तो विजय डोळ्यांना दिसू लागल्यावर होणाऱ्या घाईचा परिणाम वाटतो.

मात्र घाई टाळली म्हणजे सामना जिंकतोच, असेही नाही. मार्च १९८७ मध्ये याच मैदानावर पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत मणिंदर सिंगने २७ धावांत सात गडी टिपून पाकिस्तानला ११६ धावांत गुंडाळले होते. तरीही चौथ्या डावात भारतापुढे २२१ धावांचे लक्ष्य उभे राहिले. खेळपट्टीवर चेंडू हातभर वळत होता, उसळतही होता. त्यावर सुनील गावसकर पाच तासांहून अधिक काळ उभे राहिले. दुसऱ्या कोणत्याही भारतीय फलंदाजाला त्या डावात तिशी गाठता आली नाही. ९६ धावांवर इक्बाल कासिमच्या चेंडूवर गावसकर झेलबाद झाले. कसोटीतील ती त्यांची अखेरची खेळी ठरली. त्यानंतरही बंगळूरचाच रॉजर बिन्नी झुंजत राहिला, आणि तौसीफ अहमदच्या चेंडूवर यष्टीरक्षकाने त्याचा झेल घेतला तेव्हा भारत सोळा धावांनी हरला होता.