लहरी सर्वांच्या, मोहरा कोणाकडे?

छत्रपती संभाजीनगरात जालना रस्त्याने वा सिडकोतून जाताना मान वर केली, तर गच्च्यांवरील खांबांना बांधलेल्या, तीन दिशांना तोंडे केलेल्या उभट पेट्या दिसतात. मोबाइलच्या या अँटेना. एकच अँटेना चहूकडे लहरी फेकू लागली, तर तिची सारी क्षमता भोवतालच्या सर्वांत वाटली जाते. तीन अँटेना मात्र प्रत्येकी १२० अंशांचा टापू वाटून घेतात. प्रत्येक टापूला स्वतंत्र क्षमता लाभते. गर्दी वाढली, की टापू अरुंद करून अँटेना वाढवता येतात. युक्ती नामी आहे. तिच्याशी कोणाचे भांडण असण्याचे कारण नाही.

भांडण आहे ते हा मोहरा कोठे वळवावा, हे ठरवणाऱ्या हिशेबाशी. त्या हिशेबात माणसाची गणना ग्राहक म्हणून होते. सोयगाव तालुका अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी पसरला आहे. डोंगर लहरी अडवतो, हा निसर्ग. डोंगराआडच्या वस्तीसाठी आणखी एक मनोरा परवडत नाही, हा ताळेबंद! आणि या ताळेबंदाची किंमत मोजतो कोण? रेशन दुकानातील यंत्रावर अंगठा टेकून संपर्क जुळण्याची वाट पाहणारी म्हातारी. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरीही १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरील छायाचित्रांनी घेण्याची सक्ती झाली. अर्थात, ज्या शासनाने गरिबाचा घास आणि मजुरी लहरींवर टांगली, त्यानेच त्या लहरी कोठवर पोचतात हे आधी पाहायला नको होते काय?

वास्तविक या लहरी कोणा भांडवलदाराच्या मालकीच्या नाहीत. ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या. २ फेब्रुवारी २०१२ रोजी त्याच न्यायालयाने १२२ परवाने रद्द करून लहरींच्या मनमानी वाटपाला चपराक दिली. ग्रामीण सेवेसाठी कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के वाटा ज्या निधीत जातो, त्याचे नाव २०२३ च्या कायद्याने बदलून डिजिटल भारत निधी केले. नामांतराची हौस फिटली; आता प्रत्येक तहसील कचेरीत तालुक्यातील मनोरे, त्यांच्या अँटेनांच्या दिशा आणि त्यांतून सुटलेल्या वस्त्या यांचा नकाशा लावावा. ग्रामसभेने तो तपासावा आणि निधीचा पैसा सुटलेल्या वस्त्यांवर आधी खर्च व्हावा. संपर्क नाही म्हणून कोणाचे धान्य अडवू नये, असे केंद्र सरकारने २०१७ सालीच राज्यांना बजावले आहे. तो आदेश ठळक मराठीत प्रत्येक रेशन दुकानाच्या फलकावर लागला पाहिजे.