वाण नाही, पण गुण लागला

आपल्या भागात दोन भाषांतल्या म्हणी एकाच ताटात वाढल्या जातात. मुलगी आईच्या वळणावर गेली की मराठी आजी ‘खाण तशी माती’ म्हणते आणि कन्नड अज्जी म्हणते, ‘नूलिनंते सीरे, तायियंते मगळु’. सूत जसे तशी साडी, आई जशी तशी लेक. दोघींचे म्हणणे एकच, जे काय ते मुळातूनच येते. पण नातू वाईट संगतीला लागला की हीच आजी ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ असे म्हणून मोकळी होते. तेव्हा मूळ बाजूला राहते आणि शेजार पुढे येतो.

मला या म्हणीतले शब्द फार नेमके वाटतात. वाण बदलला नाही, गुण बदलला. जीवशास्त्रात ज्याला एपिजेनेटिक्स म्हणतात, त्याची याहून सोपी व्याख्या मला मराठीत सापडलेली नाही. (मी भाषेचा मास्तर. विज्ञानातले सारे काही प्राणिशास्त्र विभागातल्या सहकाऱ्यांना छळून शिकतो. हा छळ त्यांनी आजवर गोड मानून घेतला आहे.)

एपिजेनेटिक्स हा शब्द १९४२ साली कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने रूढ केला. आपल्या यकृताच्या आणि डोळ्याच्या पेशीत जनुके तीच असतात, तरी एक पित्त तयार करते आणि दुसरी प्रकाश ओळखते. म्हणजे कुठले जनुक कुठे वाचायचे आणि कुठे मिटून ठेवायचे, याची काही व्यवस्था असली पाहिजे. त्या व्यवस्थेचा एक भाग म्हणजे डीएनएवर चिकटणारा मिथाइल नावाचा इवलासा रासायनिक गट. पोथीत अक्षर तेच राहावे, पण कुणी शेजारी पेन्सिलीने खूण करावी आणि वाचणाऱ्याने त्या खुणेप्रमाणे थांबावे किंवा पुढे जावे, तसे हे असते.

याचे सर्वांत देखणे उदाहरण मधमाशीचे. आपल्याकडची सातेरी, म्हणजे कन्नडमधली तुडुवे जेनु, किंवा पेट्यांत पाळतात ती युरोपीय माशी, दोघींच्या मोहोळात राणी आणि कामकरी माशी एकाच प्रकारच्या फलित अंड्यातून जन्मतात. अंड्यावर ‘राणी’ असे कुठेही लिहिलेले नसते. युरोपीय माशीचे पाहा. पहिले सुमारे तीन दिवस दाया माश्या सगळ्याच अळ्यांना आपल्या ग्रंथींतून पाझरणारे खाद्य देतात. पुढे कामकरी होणाऱ्या अळीच्या वाट्याला मध आणि पराग मिसळलेले खाणे येते. राणी होणारी अळी मात्र मोठ्या घरात रॉयल जेलीत अक्षरशः डुंबत राहते. परिणाम असा, की राणी सोळाव्या दिवसाच्या सुमारास बाहेर पडते, कामकरी एकविसाव्या. राणी दोन-तीन वर्षे जगते आणि हंगामात दिवसाला हजाराहून जास्त अंडी घालते. कामकरी माशी ऐन हंगामात सहा आठवड्यांत झिजून मरते, आणि तिची बीजकोशांची वाढ खुंटलेली असते. (बाजारात रॉयल जेलीच्या बाटल्या मिळतात. त्या पिऊन कुणी राणी झाल्याचे ऐकिवात नाही.)

२००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक धाडसी प्रयोग केला. मिथाइलच्या खुणा करणाऱ्या एका विकराचे जनुक त्यांनी नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्यांमध्ये दाबून टाकले. त्यातल्या बहुसंख्य अळ्या पूर्ण वाढलेल्या बीजकोशांसह राण्या होऊन बाहेर पडल्या. खुणा कमी झाल्या आणि दासीची राणी झाली!

माशी उडून दुसरीकडे जाऊ शकते. कालवाला तेही नाही. (पाटबंधाऱ्याचे कालवे नव्हेत, गोव्याच्या आणि कारवारच्या खाड्यांत खडकाला चिकटलेली कालवं.) पिल्लूपणी काही आठवडे पाण्यात तरंगायचे, मग एका जागी चिकटायचे आणि जन्मभर तिथून हलायचे नाही. भरतीला खारे पाणी, पावसात गोडे, ओहोटीला डोक्यावर ऊन. अशा प्राण्याने काय करावे? प्रशांत महासागरातल्या कालवाचा संपूर्ण जनुकसंच २०१२ साली प्रसिद्ध झाला. उष्णतेपासून पेशीतल्या प्रथिनांना सावरणाऱ्या एका कुळातली ८८ जनुके त्यात सापडली. माणसात ती सतराच्या आसपास आहेत. एका जागी बसणाऱ्याने शिदोरी मोठी बांधली आहे.

खुणांची गंमत त्याहून वेगळी आहे. माणसाच्या डीएनएत खूण करण्याजोग्या जागांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश खुणावलेल्या असतात, कालवात पंधरा टक्क्यांच्या आसपास, मधमाशीत जेमतेम एक टक्का. प्रयोगशाळांची लाडकी फळमाशी घ्या, तिच्यात या खुणा जवळजवळ नाहीतच. तिच्यावरून साऱ्या अपृष्ठवंशी प्राण्यांचा अंदाज बांधणाऱ्यांची त्यामुळे बरीच फसगत झाली. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली दाखवले, की कालवात रोजच्या घरकामाच्या जनुकांवर खुणा दाट असतात आणि संकटात धावून येणाऱ्या जनुकांवर विरळ. त्यांचा तर्क असा, की ज्या जनुकांना वेळेनुसार वागायचे असते त्यांना मोकळे ठेवले आहे. तर्कच आहे, पण मला तो पटण्यासारखा वाटतो.

आता कळीचा प्रश्न. या खुणा पुढच्या पिढीत उतरतात का? आणि इथे मला माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा फोन सांगायला हवा. माहेर मराठी, सासर कन्नड. मुलगी वर्षाची, सतत आजारी. बाळंतपणाआधी घरात बरेच काही घडले होते. ‘सर, मी तेव्हा सारखी रडायचे. ते माझ्या लेकीच्या जनुकांत उतरलं म्हणे. मोबाईलवर आलंय, शास्त्रज्ञांचं नाव घालून. अत्ते तेच म्हणतात, नूलिनंते सीरे.’

मोबाईलवरच्या त्या मजकुराच्या शेवटी कसल्याशा वर्गाची फी दिलेली होती, हे तिने विचारल्यावर सांगितले.

मी तिला कालवांची गोष्ट सांगितली. सिडनीच्या खडक-कालवांवर २०१२ साली एक अभ्यास झाला. प्रजननाच्या काळात आईबापांना कार्बन डायऑक्साइडने आम्लता वाढलेल्या पाण्यात ठेवले. त्यांची पिल्ले तशाच पाण्यात इतरांपेक्षा मोठी झाली आणि भराभर वाढली. जगण्याचे प्रमाण मात्र सारखेच राहिले. मग २०१७ साली त्याच जातीच्या पिल्लांवर आम्लतेबरोबर इतर ताणही घातले. तेव्हा आईबापांचा तोच अनुभव पिल्लांना उलटा बाधला. म्हणजे एकाच शिदोरीने एका वाटेवर साथ दिली आणि दुसऱ्या वाटेवर पाय ओढले. शिवाय ती शिदोरी मिथाइलच्या खुणांचीच होती असेही यातून सिद्ध होत नाही. आई अंड्यात चरबी जास्त भरते, कमकुवत पिल्ले आधीच मरतात, असेही असू शकते.

आणि हे कालवांचे झाले. माणसाचे वेगळे. सस्तन प्राण्यांच्या गर्भात अगदी सुरुवातीला आईबापांकडून आलेल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात आणि नव्याने मांडल्या जातात. कालवं किंवा मधमाश्या यांच्यात अशी सरसकट पुसापुशी दिसत नाही. म्हणून कालवाचे निष्कर्ष उचलून बाळंतिणीच्या माथी मारता येत नाहीत. माणसात पक्के उदाहरण दाखवतात ते हॉलंडमधल्या १९४४-४५च्या दुष्काळाचे. त्या वेळी नुकतेच पोटात असलेल्यांच्या एका जनुकावरच्या खुणा साठ वर्षांनीही कमी आढळल्या. पण ती अख्ख्या मुलखाची महिनोन्‌महिने झालेली उपासमार होती. एका सुनेचे रडणे नव्हे.

‘लेकीला बालरोगतज्ज्ञांकडे ने,’ मी म्हणालो, ‘आणि त्या वर्गाची फी भरू नकोस.’

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘सर, हे सगळं पेपरात लिहा. अत्ते तुमचं सदर वाचतात.’

लिहिले आहे.