मण्याचे माहेर

बदलापूरच्या शिरगावात पूर्वी विहीर खणताना लागे आणि आज इमारतीचा पाया खणताना लागतो, तो काळा कातळच. या कातळाच्या पोटात कधीकधी पांढरी गारगोटी चमकते. पोरे ती खिशात घालतात, मोठी माणसे बांधावर फेकून देतात. पण वाचकहो, याच गारगोटीची बहीण अकीक; ती मात्र थेट राजाराण्यांच्या थडग्यांपर्यंत पोचली.

आपला कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्याच्या पोकळ्यांत पाण्याबरोबर आलेली सिलिका साचून अकीक झाला. गुजरातेत रतनपूरला तो खड्डे खणून काढीत, उन्हात वाळवीत आणि मडक्यात घालून मंद आचेवर भाजीत. दगडातील लोहामुळे मळकट खडा लालबुंद होई. खंबायतचे कारागीर त्याचे मणी घडवीत.

असे लाल मणी इराकमधील ऊर येथे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत मिळाले. चीनमध्ये झोउ राजवटीच्या थडग्यांतही लाल अकीकाचे मणी निघाले. आपल्याकडे नागपूरजवळ माहुरझरीला १९७० च्या सुमारास डॉ. शां. भा. देव यांनी शिळावर्तुळे उकरली. तेथे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दफनांत घोड्याच्या तांब्याच्या साजाबरोबर अकीकाचे मणीही होते.

मग मण्याचे माहेर ओळखायचे कसे? डोळ्यांना सगळे लाल मणी सारखेच. पण बारा कोसांवर बोली बदलते, तसा दगडही बदलतो. अकीक जवळजवळ सगळा सिलिकाच. त्यात इतर द्रव्ये नखभरही नसतात, पण त्यांचे प्रमाण खाणीखाणीला वेगळे असू शकते. शास्त्रज्ञ लेझर किरणाने मण्याचा डोळ्यांना न दिसणारा कण उडवितात, ती द्रव्ये मोजतात आणि ठिकठिकाणच्या कच्च्या दगडांशी ताडून पाहतात. मेळ बसला तर माहेर कळते, आणि त्याबरोबर जुन्या व्यापाराची वाटही.

मात्र मणी कोठे, किती खोल, कशाजवळ सापडला हे ठाऊक नसेल, तर माहेर कळूनही सासर कळत नाही. गोष्ट अर्धीच राहते. येथेच आपला संबंध येतो. जुन्या गावठाणाची पांढरी माती खत म्हणून शेतात टाकण्याची आपली जुनी रीत. त्या मातीबरोबर किती मणी, किती खापरे विस्कटली असतील!

तेव्हा मंडळी, नांगराला मणी, खापर वा हाड लागले तर तेथेच थांबा. जागेवर खूण करा, पुढे उकरू नका, तलाठ्याला कळवा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असा १८७८ चा कायदाच आहे. मणी विकून आलेले पैसे आठवड्यात संपतील. त्याची जागा जपली, तर आपल्या गावाच्या पूर्वजांची ओळख नातवंडांना मिळेल.