आधी काटा, मग गळ

पैठणला नाथसागरावर जायचे तर जीपमध्ये काय भरले याचा हिशेब कुणी मागत नाही. स्टोव्ह, ताडपत्री, बर्फाची पेटी, चार जास्तीच्या काठ्या, सगळे मावते. हीच सवय घेऊन लक्षद्वीपला निघालेल्या मंडळींची फजिती कोचीच्या विमानतळावर होते.

चिकलठाण्याची धावपट्टी सुमारे 2,800 मीटर लांब. लक्षद्वीपमधल्या अगत्तीची जेमतेम 1,200. तिथे एटीआरसारखी पंख्यांची छोटी विमानेच उतरतात, आणि एवढ्या आखूड पट्टीवरून उडायचे तर वजन आवरते ठेवावे लागते. मग कात्री सामानाला लागते. मागे राहिलेली बॅग येते, पण पुढच्या विमानाने. तोवर सहलीचा एक दिवस हातावर हात ठेवून जातो. म्हणून बॅग भरताना चिकलठाणा-मुंबई तिकिटावरचा आकडा पाहू नये, कोची-अगत्ती टप्प्याचा पाहावा.

वजन खाते ते शिसे. 200 ग्रॅमचे 10 जिग म्हणजे 2 किलो, आणि त्यातले निम्मे बहुधा डबीबाहेरही येत नाहीत. (ते नेले कशाला, हे परतल्यावर घरचेच विचारतात.) मिनिकॉयचे मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या कुपा पकडतात ते एका लांब काठीवर, जिवंत आमिष पाण्यात टाकून आणि बिनकाट्याच्या गळाने. आपण निदान चौघांत मिळून एक जिगची डबी, एक पक्कड, एक जास्तीची दोरी एवढ्यावर भागवावे. काठी तीन-चार तुकड्यांची असावी. रीळ हातातल्या बॅगेत. गळ, सुरी, पक्कड चेक-इनमध्ये. पॉवर बँकेचे नेमके उलटे, ती जवळच ठेवावी लागते. गॅसचा डबा घरीच.

बेटावर गोड्या पाण्याचा साठा जमिनीखाली, खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखा असतो. रीळ धुवायला तिथे बादल्या मागू नयेत. ओल्या फडक्याने पुसून घरी आल्यावर धुवावे. प्रवेश परवान्याची प्रत प्रत्येकाच्या खिशात हवी. आणि परतीला बॅग हलकी झाली म्हणून प्रवाळ भरणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

सहली नेणाऱ्या क्लबांना विनंती एवढीच: तिकिटे काढण्याआधी गटाची एकच सामानयादी करा, प्रत्येक वस्तूपुढे तिचे वजन लिहा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या बॅगा एकाच काट्यावर चढवा. याद्या आमच्याकडे पाठवा. उपयोगी पडतील त्या छापू.